एम्बेडेड सी मध्ये मॅलॉक आणि फ्री यांच्यावर नियंत्रण कसं ठेवायचं? प्रत्येक मॅलॉकला एक फ्री दिला की पुरतं ना?

नाही पुरत. (मॅलॉक म्हणजे प्रोग्रॅमने चालता चालता मेमरी मागणं, फ्री म्हणजे ती परत करणं.) ‘मॅलॉकला फ्री दिला की झालं’ हे वाक्य एका साहेबांनी मला दोन महिने ऐकवलंय, म्हणून लिहायला बसलो.

शेतपंपाचा मोबाइल स्टार्टर होता. एसटीएम३२एफ१०३ ही छोटी कंट्रोलर चिप, २० केबी रॅम, वर फ्रीआरटीओएस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, त्यात १० केबी हीप, म्हणजे मॅलॉक जिथून मेमरी देतो तो साठा. मोडेमकडे जाणारा संदेश मॅलॉकने घ्यायचा, गेला की फ्री. टेबलावर कधीच काही झालं नाही, कारण तिथे आम्ही रोज नवा कोड फ्लॅश करायचो, म्हणजे मेमरी रोज कोरी. निफाडकडे बसवले आणि दहा-बारा दिवसांत एकेक बोर्ड गप्प. साहेब म्हणाले, “कुठेतरी फ्री विसरलायस.” दोन्हीकडे काउंटर लावले. आकडे तंतोतंत जुळले. मोकळी हीप ४ केबीच्या वर, तरी ६०० बाइट मागितले की नल, म्हणजे ‘जागा नाही’!

फ्रीआरटीओएसमध्ये हीप सांभाळायचे नंबर दिलेले प्रकार आहेत; प्रोजेक्टमध्ये हीप_२ होती. ती सोडलेले शेजारचे तुकडे परत जोडत नाही. संदेश कधी ४० बाइटांचा, कधी ६०० चा. हीपच्या चिंध्या झाल्या. एसटीत दहा सीटा रिकाम्या, पण सगळ्या एकेकट्या.

साहेबांचा उपाय वॉचडॉग, म्हणजे बोर्ड अडकला की त्याला आपोआप रीसेट करणारा टायमर. रीसेट झाला की रिले पडतो, पंप बंद. शेतीची लाइट रात्रीची. पहाटे कोरडं वावर बघून फोन मला यायचा, साहेबांना नाही.

शेवटी ६४० बाइटांचे ६ ठोकळे स्टॅटिक अ‍ॅरेत ठेवले. लागला की घ्या, झाला की परत. शिल्लक नसेल तर संदेश टाका आणि मोजा. टास्क-क्यू (प्रोग्रॅममधली कामं आणि त्यांच्या रांगा) सुरुवातीलाच एकदा, हीप_१ वर. तिच्यात मेमरी सोडायची सोयच नाही. “४० बाइटांना ६४०? वाया!” साहेब कडाडले. अहो, हीप १० वरून ५ केबीवर आली, दोन्ही मिळून आधीपेक्षा कमीच! मिस्रा सी २०१२ ही सुरक्षित सी लिहिण्याची नियमावली डायनॅमिक मेमरीला (मॅलॉक-फ्रीला) मनाई करते ती उगाच नाही.

हां, लिनक्स बोर्ड असेल तर हे सगळं सोडा. लायब्ररीच मॅलॉक मागत असेल तर निदान हीप_४ घ्या, ती शेजारचे तुकडे जोडते. चिंध्या तरीही होऊ शकतात. आणि इंटरप्टमधूनही (चालू काम मध्येच थांबवून धावणाऱ्या कोडमधूनही) ठोकळे घेणार असाल तर घेता-देताना इंटरप्ट बंद ठेवा. ते मी आधी विसरलो होतो. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.