रात्री नळी तुंबली की दरवेळी कॅज्युअल्टीच का?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही सांगलीवाडीत राहतो. सासरे ७८ वर्षांचे, अर्धांगवायूनंतर अंथरुणातच आहेत, लघवीची नळी कायमची. ती अधनंमधनं तुंबते आणि नेमकी रात्रीच, मग गाडी शोधा, पूल ओलांडून कॅज्युअल्टी गाठा, तिथं अपघाताच्या केसेस आधी घेणार, ते बरोबरच आहे म्हणा, पण मामंजी स्ट्रेचरवर ताटकळत आणि काम बघायला गेलं तर पंधरा मिनिटांचं. नणंद पुण्याची, ती म्हणते घरी सिस्टर बोलवा. दीर म्हणतात काही झालं तर जबाबदार कोण?

उत्तर : ताई, दीरांना सांगा की जबाबदार कोण हे आधीच ठरवून ठेवायचं, तसं असलं तरच घरी सिस्टर बोलवायची. रात्री दोनला गुगलवर नंबर शोधून नव्हे. पुढच्या ओपीडीला डॉक्टरांकडनं कागदावर लिहून घ्या, नळी कितव्या नंबरची, कसली, किती दिवसांनी बदलायची, तुंबली तर सिस्टरनं काय करायचं आणि फोन कुणाला. साधी लॅटेक्सची नळी साधारण दोन ते चार आठवड्यांत बदलतात, सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते, पण ज्यांची सारखी तुंबते त्यांची लवकर बदलावी लागते, म्हणून तारीख ठरवून दिवसाउजेडी बदलून घेतली की रात्रीची पळापळ बरीच कमी होईल. त्याच नंबरची एक जादा नळी आणि युरोबॅग (लघवी साठायची पिशवी) कपाटात असू द्या.

आणि फोन करायच्या आधी बघा, नळी पायाखाली दुमडलीय का, बॅग पोटाच्या वर टांगलीय का, चार दिवस संडास झालेली नाही का (बद्धकोष्ठानंही लघवी अडते, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही). नळी स्वतः ओढायची नाही, आत ती अडकवून ठेवणारा फुगा असतो.

सिस्टर म्हणजे ब्युरोची मावशी नव्हे हं. मावशी अंग पुसतील, कूस बदलतील, त्यांचं काम मोठंच आहे, पण नळी घालायला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेलीच पाहिजे, नोंदणी विचारायला लाजू नका. पुरुष पेशंटला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, मिळाले तर मामंजींनाही अवघड वाटणार नाही. नेहमीची नळी बदलणं, बेडसोरचं ड्रेसिंग, नाकातली नळी, शुगर-बीपी बघणं एवढं घरी होतं. केरळात २००८ साली सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायच्या सेवेचं) धोरण काढलं, तिथं पंचायतीच्या नर्स घरोघर जाऊन असलीच कामं करतात, आपल्याकडं मात्र बऱ्याच ठिकाणी अजून ज्यानंत्यानं आपलं बघायचं.

एक गोष्ट मात्र करू नका. सिस्टर आलीच आहे तर अशक्तपणाला एक सलाईन लावून टाका, हे आपल्या भागातलं आवडतं काम! हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला नको तितकं सलाईन गेलं तर छातीत पाणी होतं. शिरेतनं द्यायच्या अँटिबायोटिकचा पहिला डोससुद्धा दवाखान्यातच, रिअ‍ॅक्शन आली तर घरी सांभाळणं अवघड.

थंडी वाजून ताप, असंबद्ध बोलणं, लघवीत रक्ताच्या गुठळ्या, धाप, छातीत दुखून घाम, किंवा बोलताना तोंड वाकडं होऊन दुसरी बाजूही लुळी पडतेय असं वाटलं तर सिस्टरची वाट बघत बसू नका, थेट १०८ ला फोन, ती अँब्युलन्स मोफत आहे. अर्धांगवायूच्या झटक्यात मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यातला एक तास सिस्टरला पत्ता सांगण्यात गेला तर काय उपयोग.

आणि सांगलीवाडीत आहात म्हणून सांगतो, पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांकडं निघाली की मामंजींना आधीच पलीकडं नातेवाइकांकडं हलवा, २०१९चा महापूर आठवतोय ना, तेव्हा सिस्टर काय आणि अँब्युलन्स काय, कुणी पोचत नव्हतं. पैशांचं म्हणाल तर एका व्हिजिटचे किती, रात्रीचे वेगळे का, नळी-हातमोजे त्यातच धरलेत का, एवढं फोनवरच विचारून घ्या.