घरात एकाला उलट्या-जुलाब सुरू झाले की सगळेच आजारी पडतात. हा संसर्ग घरातल्या घरात कसा रोखावा?

आपल्या घरात सहा माणसे आहेत, त्यांत दोन लहान मुले आणि वृद्ध आई आहेत. कोणा एकाला उलट्या-जुलाब झाले की आठवड्याभरात एकेक करून सगळे अंथरूण धरतात, आणि हे सॅनिटायझरचा भरपूर वापर करून व फरशी रोज जंतुनाशकाने पुसूनही घडते, असे आपण लिहिले आहे. मोठ्या मुलाला शाळेत पुन्हा कधी पाठवावे, हेही आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून आणि माझ्या स्वतःच्या घरी झालेल्या एका चुकीवरून सांगते, की आपले कष्ट कमी पडत नाहीत, ते चुकीच्या ठिकाणी खर्च होत आहेत. घरातला फैलाव मुख्यतः दोन वेळी होतो: उलटी झाल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात ती साफ करताना, आणि रोगी बरा झाला असे सर्वांनी गृहीत धरल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत.

आधी एक गोष्ट पडताळून पाहावी. सगळे जण एकाच जेवणानंतर काही तासांच्या आत एकदम आजारी पडले, तर दोष बहुधा त्या अन्नात असतो. एक आज, दुसरा परवा, तिसरा त्यानंतर दोन दिवसांनी, असा क्रम दिसला तर संसर्ग माणसाकडून माणसाकडे जात आहे असे समजावे. आपले वर्णन या दुसऱ्या प्रकारात बसते. अशा वेळी सर्वाधिक संशय नोरोव्हायरस या विषाणूवर येतो. तो शरीरात शिरल्यापासून साधारण 12 ते 48 तासांत अचानक उलट्या सुरू होतात, आजार एक ते तीन दिवस राहतो आणि बहुतेक माणसे औषधाविना बरी होतात. 1968 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नॉरवॉक या गावातल्या एका शाळेत अशी साथ आली होती. त्या वेळी घेतलेल्या नमुन्यांतून 1972 मध्ये हा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसला, आणि गावाच्या नावावरूनच पुढे त्याचे नाव पडले.

हा विषाणू इतक्या सहज का पसरतो, हे कळले की पुढचे सगळे नियम आपोआप लक्षात राहतात. रोग्याच्या विष्ठेत त्याचे अब्जावधी कण असतात आणि दुसऱ्याला आजारी पाडायला शंभराहून कमी कण पुरे होतात. म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या नळावर, दाराच्या कडीवर किंवा मोबाइलवर एका घराला पुरेल इतका संसर्ग असू शकतो, आणि तो तेथे कित्येक दिवस टिकतो. शिवाय लक्षणे दिसण्याच्या थोडे आधीपासून विषाणू बाहेर पडू लागतो आणि बरे वाटू लागल्यानंतरही दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ विष्ठेतून जात राहतो, जरी त्याचे प्रमाण पहिल्या काही दिवसांत सर्वात जास्त असले तरी.

आता सॅनिटायझरविषयी. अल्कोहोल अनेक विषाणूंना मारते, कारण त्यांच्याभोवतीचे स्निग्ध आवरण ते विरघळवते. नोरोव्हायरसला असे आवरणच नसते, त्यामुळे हातावर सॅनिटायझर चोळून त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहते पाणी यांचे काम वेगळे आहे. साबणाने तो मेलाच पाहिजे असे नाही. घासण्याने तो त्वचेपासून सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणूनच घासण्याला महत्त्व आहे. निदान 20 सेकंद, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती आणि नखांच्या कडांखाली घासावे, हात वाहत्या पाण्याखाली धुवावेत आणि ते स्वतःच्याच टॉवेलला किंवा कागदी रुमालाला पुसावेत. घरात आजार असेतोवर सर्वांनी नखे बारीक कापलेली ठेवावीत. सामायिक टॉवेल पहिल्याच दिवशी काढून टाकावा. सहा जणांनी हात स्वच्छ धुऊन एकाच ओल्या टॉवेलला पुसले, तर धुण्याचा निम्मा लाभ तेथेच जातो.

उलटी कशी साफ करावी, याबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण घराघरांत सर्वाधिक चुका येथेच होतात. मूल ओकले की आई किंवा वडील धावतात, हाताला येईल ते फडके घेतात, पुसतात, ते फडके मोरीत खळबळून धुतात आणि त्याच हातांनी मुलाला पाणी पाजतात. उलटी जोराने होते तेव्हा तिचे अतिशय बारीक थेंब हवेत उडतात, जवळच्या माणसाच्या तोंडात जाऊ शकतात आणि आसपासच्या वस्तूंवर बसतात. म्हणून प्रथम रोग्याला सावरावे, इतरांना, विशेषतः मुलांना, खोलीबाहेर पाठवावे आणि खिडक्या उघडाव्यात. साफ करणारी व्यक्ती एकच असावी आणि तिने हातमोजे व मास्क घालावा. उलटीवर कागदी रुमाल किंवा टाकून देता येतील अशी जुनी फडकी पसरून ती शोषू द्यावी, नंतर बाहेरच्या कडेकडून मधल्या भागाकडे गोळा करत न्यावी, म्हणजे डाग पसरत नाही, आणि सगळे पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधावे. त्यानंतर ती जागा साबणाच्या पाण्याने धुवावी आणि मगच जंतुनाशक लावावे. हा क्रम उलटा करू नये, कारण घाण शिल्लक असली की क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडते आणि विषाणूपर्यंत पोहोचत नाही. डाग दिसतो तेवढ्याच जागेवर न थांबता भोवतालचा निदान दोन मीटरचा भाग, जवळच्या खुर्चीचे पाय आणि भिंतीचा खालचा पट्टाही पुसून घ्यावा. गालिच्यावर उलटी झाली असेल तर तेथे व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नये. त्याच्या झोताने कण हवेत पसरतात.

जंतुनाशक म्हणून येथे क्लोरीनचे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, खात्रीचे ठरते. सुवासिक फरशीपुसणी बहुधा या विषाणूसाठी बनवलेली नसतात. बाटलीवर साधारण 5 टक्के प्रमाण लिहिलेले असेल तर 1 लिटर पाण्यात 20 ते 100 मिली ब्लीच मिसळावे. नळ, कडी, स्विच यांसाठी कमी प्रमाण पुरते आणि प्रत्यक्ष उलटी-जुलाब पडलेल्या जागेसाठी अधिक घ्यावे. द्रावण लावून किमान 5 मिनिटे, शक्य असल्यास 10 मिनिटे, पृष्ठभाग ओला राहू द्यावा आणि मग साध्या पाण्याने पुसावा. लावले आणि लगेच पुसून काढले, तर त्याचा उपयोग होत नाही. पातळ केलेले द्रावण लवकर निकामी होते, म्हणून ते रोज ताजे करावे. ब्लीचमध्ये कमोड साफ करण्याचे आम्ल, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले काहीही कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. ही बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि पातळ केलेले द्रावण पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची चूक कोणीही करू नये.

आता माझ्या घरची चूक सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलाला उलट्या झाल्या आणि एक दिवसाने मलाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मला पूर्ण बरे वाटले, म्हणून मी सवयीप्रमाणे स्वयंपाकघरात गेले आणि सर्वांचा स्वयंपाक केला. वॉर्डात असताना हे मी कोणालाही करू दिले नसते, पण स्वतःच्या घरी बरे वाटणे आणि निर्धोक असणे या दोन गोष्टी मी एकच मानल्या. दीड दिवसात माझे पती आणि माझे सासरे दोघेही आजारी पडले, आणि सासऱ्यांच्या अंगातले पाणी इतके कमी झाले की त्यांना रुग्णालयात दाखल करून शिरेतून द्रव द्यावे लागले. तो दोष माझ्या हातांचा होता हे सिद्ध करता येणार नाही, परंतु मला त्याविषयी शंका नाही. तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे: जो आजारी आहे त्याने, आणि बरे झाल्यावर पुढचे 48 तासही, इतरांसाठी अन्न शिजवायचे नाही, वाढायचे नाही, पाणी भरायचे नाही. त्याचबरोबर रोग्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती या शक्यतो दोन असाव्यात. बहुतेक घरांत ही दोन्ही कामे एकाच बाईच्या अंगावर पडतात, आणि फैलावाचे मोठे कारण हेच आहे. आपल्या घरात चार प्रौढ माणसे आहेत. पहिली उलटी झाली त्याच तासाला कामांची वाटणी करून टाकावी. स्वयंपाक करणाऱ्याने रोग्याच्या खोलीत आणि शौचालय साफ करण्यात हात घालू नये. घरात दुसरे माणूसच नसेल, तर शुश्रूषेच्या वेळी हातमोजे आणि वेगळा वरचा कपडा वापरावा, आणि ते उतरवून, हात साबणाने धुऊनच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडावा.

शौचालये दोन असतील तर एक रोग्यासाठी राखून ठेवावे. एकच असेल तर रोग्याने वापरल्यानंतर बैठक, फ्लशचे बटण, नळ आणि दाराची कडी ब्लीचने पुसावी; दिवसातून एकदा सगळे धुण्यापेक्षा या चार वस्तू दर वेळी पुसणे अधिक उपयोगी ठरते. फ्लश करण्याआधी झाकण लावणे चांगले, पण बारीक थेंब फटींतून बाहेर येतातच, म्हणून त्यावर विसंबू नये. दात घासण्याचे ब्रश तेथून हलवावेत. माखलेले कपडे आणि चादरी झटकू नयेत. अंगापासून दूर धरून थेट यंत्रात किंवा बादलीत टाकाव्यात, इतर कपड्यांपासून वेगळ्या, कापडाला चालेल तितक्या गरम पाण्यात, शक्यतो 60 अंशांवर, लांबलचक धुलाईने धुवाव्यात आणि पूर्ण वाळवाव्यात. लहान मुलाचे डायपर बदलल्यावर आपल्या हातांइतकेच मुलाचे हातही धुवावेत, ही गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात.

एवढे होऊनही घरातला एखादा माणूस ठणठणीत राहतो, आणि मग त्याला काही होत नाही असे समजून तोच सगळीकडे वावरतो. काही लोकांच्या पेशींवर या विषाणूला चिकटण्यासाठी लागणारी विशिष्ट शर्करा जन्मतःच नसते, त्यामुळे त्याचे अनेक प्रकार त्यांना बाधत नाहीत. मात्र लक्षणे न दिसताही विषाणू शरीरातून बाहेर पडू शकतो, आणि तो न बाधणाऱ्यांच्या हातांवरूनही इतरांपर्यंत जातो. म्हणून हात धुण्याचा नियम अशा माणसालाही तितकाच लागू आहे. एकदा आजार झाला की पुन्हा होणार नाही, असेही नाही; विषाणूचे प्रकार अनेक आहेत आणि प्रतिकारशक्ती फार काळ टिकत नाही.

सर्वच पोटाचे संसर्ग नोरोव्हायरसचे नसतात. लहान मुलांत रोटाव्हायरस गंभीर जुलाब घडवतो. त्याची तोंडावाटे देण्याची लस उपलब्ध आहे आणि ती बाळ सहा आठवड्यांचे झाल्यापासून सुरू होते, म्हणून धाकट्या मुलाचे लसीकरण पूर्ण आहे का हे पाहावे. शौचात रक्त आले तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो आणि डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते. विषाणूच्या आजारावर प्रतिजैविके काही करत नाहीत, आणि जुलाब थांबवणारी औषधे मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

रोग्याला खरा धोका असतो तो शरीरातले पाणी आणि क्षार जाण्याचा. ओआरएसची पुडी घरात कायम असू द्यावी. ती मिळेपर्यंत 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून द्यावे. मोजमाप अंदाजाने करू नये, कारण जास्त मीठ बाळांना घातक ठरते. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध थांबवू नये. सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, गुंगी, जोराचा ताप किंवा प्यायलेले काहीच न टिकणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. आपल्या आईंच्या बाबतीत तर त्याहून आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण वृद्धांना तहान कमी जाणवते आणि पाणी कमी झाल्याचे उशिरा कळते.

आता शाळेविषयी. शेवटची उलटी किंवा शेवटचा पातळ जुलाब कधी झाला त्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी आणि तेथून पूर्ण 48 तास मोजावेत. मध्ये पुन्हा एक जुलाब झाला तर मोजणी पहिल्यापासून सुरू करावी. मूल खेळू लागले, खाऊ लागले, तरी ही मुदत कमी करू नये, आणि त्यानंतरही निदान दोन आठवडे शौचाहून आल्यावर ते साबणाने हात धुते की नाही हे एका मोठ्या माणसाने जवळ उभे राहून पाहावे.