फाटक पावणेसातला बंद होतं तेव्हा

प्रश्न : मी परळच्या एका रात्रशाळेची मुख्याध्यापिका आहे. आमची मुलं दिवसभर दुकानांत, कुरिअरमध्ये, शिलाईच्या कारखान्यांत राबून येतात. शाळा साडेसहाला भरते. उशिरा येणारे फार वाढले म्हणून जूनपासून पावणेसातला फाटक बंद करायला लागलो. पंधरा दिवस बरं चाललं. आता उशीर होता तेवढाच आहे, वर गैरहजेरी वाढली. परवा दहावीतला एक मुलगा फाटकाबाहेर पानपट्टीच्या उजेडात वही उघडून बसलेला दिसला. तुम्ही लष्करात आयुष्य काढलंत. तिथली शिस्त शाळेत कशी आणावी?

उत्तर : बाई, नमस्कार. तुमचं पत्र वाचताना मी त्या पानपट्टीपाशीच अडकलो. फाटक बंद दिसल्यावर तो मुलगा घरी जाऊ शकला असता. तो वही उघडून बसला. त्याला आणखी कुठली शिस्त लावायची, मला कळत नाही.

हुकूम सुटला की काम होतं, असं लष्कराबद्दल बाहेर समजतात. कॅप्टन असताना माझाही तोच समज होता. माझ्याकडे शक्तिमान ट्रक दुरुस्त करणारं एक वर्कशॉप होतं. दर शुक्रवारी वर अहवाल जायचा : चालू गाड्या किती, बंद किती. बंद गाड्यांचा आकडा खाली आणा, असा मी सज्जड दम भरला. तीन आठवड्यांत आकडा खाली आला, माझी पाठ थोपटली गेली. दोन महिन्यांनी आकडा पहिल्यापेक्षा वर. मी पुन्हा ओरडलो. तेव्हा एक हवालदार मला शेडच्या मागे घेऊन गेला. तिथे चार शक्तिमान नुसते सांगाडे होऊन उभे होते. एकाचा सेल्फ-स्टार्टर काढलेला, दुसऱ्याचा इंजेक्शन पंप. शुक्रवारच्या आत गाडी चालू दाखवायची म्हणून पोरं एकीचा पार्ट काढून दुसरीला घालत होती. गाडी चालू झाली की त्या पार्टची मागणी वर जायची नाही. मागणी नाही म्हणून भांडारातून माल यायचा नाही, आणि माल नाही म्हणून पुढच्या शुक्रवारी आणखी एक गाडी सोलली जायची. माझ्या दमानंच ते चाक फिरत होतं. पोरं कामचुकार नव्हती. मी मागितलेलं त्यांनी तंतोतंत दिलं होतं. मग आम्ही अहवालात एकच रकाना वाढवला : पार्ट कुठून आला. मागण्या वर जायला लागल्या, माल यायला लागला. वेळ लागला, पण सांगाड्यांच्या पुन्हा चालत्या गाड्या झाल्या.

हे चाक ओळखायची एक विद्या आहे, आणि तिचं मूळ बरंचसं लष्करी कामातच आहे. अमेरिकेत जे राइट फॉरेस्टर नावाचे एक इंजिनिअर दुसऱ्या महायुद्धात रडारच्या नियंत्रण यंत्रणेवर काम करत होते. 1956 साली ते एमआयटी या तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात गेले. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यांत एक कोडं होतं : कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी बसायचे. सगळे बाजारातल्या तेजी-मंदीला दोष देत. फॉरेस्टर यांनी वहीत पेन्सिलीनं आठवड्यामागून आठवडा हिशेब मांडला. बाहेरची मागणी स्थिर धरली तरी, माल किती ठेवायचा आणि माणसं कधी घ्यायची या कारखान्याच्या स्वतःच्या नियमांतूनच ते हेलकावे निघत होते. पुढे त्यांनी हीच पद्धत शाळेतल्या मुलांपर्यंत नेण्यासाठी खूप खटपट केली.

आता तुमचं फाटक बघा. सेठ साडेसहाला सोडतो, मुलगा सात वाजता पोचतो, पहिला तास बुडतो. पहिला तास गणिताचा असेल तर चार दिवसांत तो मागे पडतो. मागे पडला की वर्गात मान वर करायची लाज वाटते, मग तो येतच नाही, आणि एक दिवस सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतो. हा माझा अंदाज आहे, तपासणी तुम्हाला करायची आहे. दोन आठवडे फाटकाशी कुणाला तरी वही घेऊन उभं करा. पकडायला नको, लिहून घ्यायला. किती वाजता सुटलास? लोकल कुठली मिळाली? काय बुडलं? फाटकावरच्या शिपाईमामांनाही सांगा की हे कशासाठी चाललंय. त्यांना मुलं तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतील.

मग शिक्षकांना घेऊन बसा. 1970 च्या दशकात अमेरिकी लष्करात सरावानंतर एक बैठक घ्यायची पद्धत रुजली. प्रश्न साधे : काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, पुढे काय करायचं. दोष कुणावर टाकायचा नाही, आणि शिपायापासून सगळ्यांनी बोलायचं. मी माझ्या तुकडीत हे करताना स्वतः शेवटी बोलायचो. साहेब आधी बोलला की बाकीचे त्याचंच बोलणं परत म्हणतात. बाई, तुम्हीही शेवटी बोला. फार अवघड जातं, पण बोला.

त्यानंतर एकच गोष्ट बदला. मला विचाराल तर फाटक उघडं ठेवा आणि गणित दुसऱ्या तासाला न्या. आठ-दहा आठवडे त्याला हात लावू नका. गणपती ते दिवाळी दुकानं उशिरापर्यंत चालतात, तेव्हा उशीर वाढेलच. तेवढ्यावरून बदल फसला असं धरून पुन्हा कुलूप लावू नका. मोठ्या व्यवस्थेला तर किती काळ लागतो! कारगिल युद्धानंतर संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा अहवाल 2000 साली संसदेपुढे आला. वेगवेगळ्या यंत्रणांकडची माहिती एकत्र जुळत नाही, हे त्यात स्पष्ट होतं. 2001 मध्ये मंत्रिगटानं तिन्ही दलांसाठी एक प्रमुख नेमावा असं सुचवलं. त्यानं पदभार घेतला 2020 च्या जानेवारीत. मी या काळात गणवेशात होतो, ही दिरंगाई मला आजही सलते. तुमच्या शाळेत आठ आठवडे पुरतील.

मी दादरला राहतो. दिवाळीनंतर ती वही मला दाखवा. त्याआधी एक संध्याकाळ मी साडेसहाला फाटकाशी येऊन उभा राहीन. त्या मुलाला भेटायचं आहे.