हेलियमचा हिशेब

प्रश्न : तारे हायड्रोजनपासून हेलियम बनवतात, हे शाळेत शिकलो. मग बहुतेक हेलियम ताऱ्यांच्याही आधी, महास्फोटानंतरच्या काही मिनिटांतच तयार झाला हे कशावरून? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तारे हेलियमसोबत ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्येही बनवतात. पण ज्या छोट्या दीर्घिकांच्या वायूत ऑक्सिजन नावापुरताच आहे, तिथेही वस्तुमानाच्या सुमारे 24 टक्के हेलियम सापडतो. एवढा साठा ताऱ्यांच्या खात्यावर टाकताच येत नाही.

मग 24-25च का, 5 किंवा 60 का नाही? विश्व एका सेकंदाचं असताना तापमान साधारण हजार कोटी अंश होतं. तोवर न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेले अतिहलके कण) आणि इलेक्ट्रॉनांच्या टकरींमुळे न्यूट्रॉनचा प्रोटॉन, प्रोटॉनचा न्यूट्रॉन अशी अदलाबदल चालू होती. न्यूट्रॉन 0.14 टक्के जड; त्यामुळे तापमान उतरेल तसे ते कमी होत गेले. पुढे प्रसरणाच्या वेगापुढे या टकरी मागे पडल्या आणि सहा प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन उरला.

लगेच हेलियम का झाला नाही? कारण पहिली पायरी ड्युटेरियमची, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. ही जोडी कच्ची असते आणि तेव्हा एकेका प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे दीडशे कोटींहून अधिक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण होते. त्यातले मोजके ऊर्जावान फोटॉनही जोडी जमताच फोडायला पुरत. तापमान 90 कोटी अंशांच्या आसपास येईपर्यंत तीन-चार मिनिटं गेली. सुट्या न्यूट्रॉनचं सरासरी आयुष्य सुमारे 880 सेकंद, त्यामुळे तेवढ्यात काही न्यूट्रॉन विघटित झाले आणि प्रमाण साताला एकवर आलं.

आता 16 कण घ्या : 14 प्रोटॉन, 2 न्यूट्रॉन. दोन्ही न्यूट्रॉन दोन प्रोटॉनांसह एका हेलियममध्ये गेले, बाकी 12 हायड्रोजन. सोळात चार, म्हणजे 25 टक्के. 5 आणि 8 वस्तुमानांकाचं (म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून 5 किंवा 8 कणांचं) स्थिर अणुकेंद्रकच नसल्यानं गाडी जवळजवळ तिथेच थांबली.

न्यूट्रिनोचा चौथा हलका प्रकार असता तर प्रसरण वेगानं होऊन जास्त न्यूट्रॉन वाचले असते आणि हेलियम सव्वा टक्क्यानं वाढला असता. जिनिव्हाजवळ सर्न या संशोधन संस्थेच्या 27 किलोमीटर परिघाच्या कण-त्वरकात 1989पासून झेड बोसॉन या जड, क्षणभंगुर कणाचं विघटन मोजलं गेलं. त्यातून हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार निघाले 2.98, म्हणजे तीनच. आकाशातल्या वायूवरून निघणारं उत्तर आणि जमिनीखालच्या बोगद्यातलं उत्तर जुळलं. आमच्या मते या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा हाच.

प्रश्न : मग सगळं जुळतं का?

उत्तर : नाही. न्यूट्रॉनचं आयुष्य सापळ्यात कोंडून मोजलं तर सुमारे 878 सेकंद येतं, झोतात मोजलं तर 888. पण यानं हेलियमचा आकडा जेमतेम 0.2 टक्क्यानं हलतो. खरी अडचण आहे त्याच मिनिटांत अगदी थोडा तयार झालेल्या लिथियम-7ची. गणितातून येतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच जुन्या ताऱ्यांच्या पृष्ठभागावर दिसतो. तो ताऱ्यांतच खोल जाऊन नष्ट होतो, की सिद्धांतात काही राहून गेलंय, यावर वाद चालू आहे. अणुकेंद्रकीय अभिक्रियांचे दर प्रयोगशाळेत पुन्हा तपासूनही ही तफावत मिटलेली नाही.