खाद्यातील भुकटी आणि तळ्यातील जड धातू

प्रश्न : बेळगाव तालुक्यातील आमच्या शेततळ्यात मी रोहू, कटला आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे वाढवतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की शेजारच्या ओढ्यातून मोटारीने घेतो. त्या ओढ्याला वरच्या अंगाने धातूला मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी मिळते. यंदा मासे सुस्त झाले आणि काहींच्या कल्ल्यांवर चिकट थर दिसला. खाद्य विक्रेत्याने जीवनसत्त्वे व सेलेनियम असलेली भुकटी देऊन ‘यानंतर विष उरत नाही’ असे सांगितले. त्यावर विश्वास ठेवावा का?
– एक मत्स्यपालक

उत्तर : भुकटीने माशाला बळ मिळू शकते, पण विष उरत नाही हे म्हणणे चुकीचे आहे.

कॅडमियम, शिसे यांसारखे धातू कल्ल्यांतून आणि खाद्यातून शरीरात शिरतात, यकृतात व मूत्रपिंडात साठतात आणि तेथे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढवून पेशींची हानी करतात. क आणि ई जीवनसत्त्वे ही हानी कमी करतात. बहुतेक माशांना क जीवनसत्त्व आपल्याप्रमाणेच स्वतः तयार करता येत नाही, त्यामुळे ते खाद्यातूनच द्यावे लागते. मात्र कोंडा आणि शेंगदाणा पेंड शिजवून त्या गरम लगद्यात भुकटी कालवली, तर त्यातील बराच भाग उष्णतेने वाया जातो. म्हणून लगदा पूर्ण निवल्यावरच ती मिसळावी आणि पाकिटावर क जीवनसत्त्व फॉस्फेटच्या टिकाऊ रूपात आहे का, हे पाहावे. सेलेनियमच्या बाबतीत हात आखडता ठेवा : माशाला ते अत्यल्प लागते आणि प्रमाण वाढले की तेच विषारी ठरते.

कॅल्शियमचे काम वेगळे आहे. कॅडमियम शरीरात शिरताना कॅल्शियमचीच वाट वापरते, त्यामुळे ट्राउट माशांच्या खाद्यात कॅल्शियम वाढवल्यावर कॅडमियमचे शोषण घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे. टिलापिया माशाला लॅक्टोबॅसिलस प्लान्टारम हे जिवाणू खाद्यातून दिल्यावरही शरीरातील कॅडमियम कमी झाले. पण असे प्रयोग टाकीत, धातूची मात्रा ठरवून केलेले असतात. तुमच्या तळ्यात मात्र मोटार सुरू केली की नवा धातू येण्याची शक्यता आहे. शिवाय धातू तळाच्या गाळात बसतात आणि सायप्रिनस अन्नासाठी तोच गाळ उकरतो, याचा विचार भुकटी विकणारा करत नाही.

तेव्हा आधी ओढ्याचे पाणी बंद करा आणि विहिरीच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर भागवा, भले त्यासाठी माशांची संख्या कमी करावी लागली तरी. पाण्याचा सामू व कठीणपणा तपासून घ्या, कारण आम्ल आणि मृदू पाण्यात बहुतेक धातू अधिक घातक ठरतात. चुना टाकायचा तो या तपासणीनंतर आणि मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारूनच. चिकट थर व सुस्ती रोगामुळे किंवा ऑक्सिजन कमी पडल्यानेही येते, म्हणून तेही पाहून घ्यावे.

तुमचा मासा बाजारात जातो की घरच्या आमटीत, हे तुम्ही लिहिलेले नाही. माझी खरी काळजी तीच आहे. पूरकांमुळे टवटवीत झालेल्या माशाच्या अंगातही धातू असू शकतो आणि तो शिजवल्याने जात नाही. दोन-तीन मासे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवून मांस आणि यकृत यांची वेगवेगळी तपासणी करून घ्या. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकानुसार माशात शिसे किलोमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. अहवाल हाती येईपर्यंत या तळ्यातील मासा विकू नका आणि घरीही खाऊ नका.