टेक्सासमध्ये रानडुकरं सापळ्यात धरून मांस शेजाऱ्यांना वाटता येतं का?

हो, वाटता येतं. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की 2019 पासून तिथे शिकारीचा परवानाही लागत नाही. मात्र तपासणी न झालेलं मांस विकायचं नाही, फुकटच द्यायचं.

धरायचा तर अख्खा कळप धरा. जाळीच्या मोठ्या कुंपणात मका टाकून ठेवा, सगळी डुकरं आत यायला सरावली की मगच दार खाली पाडून बंद करा. घाईने एक-दोन धरलीत तर बाकीची शहाणी होतात, पुन्हा फिरकत नाहीत.

सोलताना हातमोजे हवेतच, ब्रुसेलोसिस (डुकरांकडून माणसाला होणारा जंतुसंसर्ग) रक्तातून लागतो. मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला शिजवा, आणि वाटा देताना शेजाऱ्यांना हे आवर्जून सांगा. आपल्याकडे मात्र वन विभागाच्या परवानगीशिवाय रानडुकराला हात लावू नका.