लहान फुटबॉल क्लबांच्या फायनलला वेम्ब्लीवर जावं का? जा, पण तटस्थ राहून नको

तुमचा प्रश्न असा की ऑफिसातला सहकारी ईएफएल (इंग्लिश फुटबॉल लीग) ट्रॉफीच्या फायनलला चल म्हणून मागे लागलाय, संघ इंग्लंडच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचे आहेत, तर त्यासाठी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमपर्यंत जाण्यात काही राम आहे का, की तेच पैसे प्रीमियर लीगच्या एखाद्या सामन्यासाठी राखून ठेवावेत? तुम्ही मूळचे कोल्हापूरचे आहात असंही लिहिलंय. माझं निम्मं काम तिथेच झालं.

आधी या चषकाची अब्रू काढतो, म्हणजे नंतर फसवलं असं वाटायला नको. इंग्लंडमधल्या व्यावसायिक क्लबांसाठी याहून कमी मानाचा चषक नाही. लीग वन आणि लीग टू, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचे ४८ क्लब यात खेळतात. १९८३-८४ पासून स्पर्धा चालू आहे, पण नाव काही टिकत नाही. व्हॅनवाले झाले, गाडीच्या काचा बसवणारे झाले, रंगवाले झाले, पिझ्झावाले झाले; ज्याचा पैसा त्याची पाटी. त्यात २०१६ पासून बड्या क्लबांच्या अकादम्यांचे २१ वर्षांखालचे संघही आत घेतले. उद्या हेच संघ थेट लीगमध्ये घुसवणार, या संशयाने अनेक क्लबांच्या चाहत्यांनी गटातल्या सामन्यांवर बहिष्कार घातला. तो राग रास्त होता असं माझं मत आहे.

गटातले सामने मी पाहिलेत. मंगळवारची रात्र, एकच स्टँड उघडलेला, प्रेक्षक काहीशे, आणि गोलरक्षक बचावपटूंना घालत असलेल्या शिव्या चहाच्या खिडकीपाशी रांगेत उभं राहून स्वच्छ ऐकू येतात. बरोबरी झाली की थेट पेनल्टी, त्या जिंकणाऱ्याला एक गुण जास्तीचा. क्लबांनाही फारशी गोडी नसते. २०१६-१७ मध्ये पुरेसा तगडा संघ उतरवला नाही म्हणून बऱ्याच क्लबांना दंड झाला. त्यात सगळ्यात मोठा, प्रत्येकी १५ हजार पौंडांचा, ल्यूटन आणि पोर्ट्समथला.

आता तेच पोर्ट्समथ घ्या. ३१ मार्च २०१९, वेम्ब्ली, पोर्ट्समथ विरुद्ध संडरलँड. दोघेही तेव्हा लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर. प्रेक्षक ८५,०२१. या स्पर्धेचा आधीचा उच्चांक १९८८ चा होता, वुल्व्ह्‌ज आणि बर्नली यांच्या फायनलला ८०,८४१. त्या रविवारी इंग्लंडात मदर्स डे होता आणि त्याच पहाटे घड्याळं तासभर पुढे गेली होती, म्हणजे झोपही बुडाली आणि आईचं जेवणही. तरी माणसं आली. संडरलँड लंडनपासून चारशे किलोमीटरच्या वर. तिथले लोक आदल्या दिवशीच येऊन ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये ठाण मांडून बसले होते.

ही गर्दी का लोटली, ते दोन्ही क्लबांच्या गेल्या काही वर्षांकडे पाहिलं की कळतं. पोर्ट्समथने २००८ मध्ये एफए कप हा इंग्लंडचा मानाचा चषक जिंकला आणि २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये असताना दिवाळं काढलं. प्रीमियर लीगच्या क्लबवर प्रशासक नेमला जाण्याची ती पहिलीच वेळ. घसरत घसरत २०१३ मध्ये चौथ्या पायरीवर. त्याच वर्षी चाहत्यांच्या ट्रस्टने पदरचे पैसे घालून क्लब विकत घेतला आणि तगवला. संडरलँड २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षं खाली घसरलेलं, आणि वेम्ब्लीवरचा त्यांचा शेवटचा विजय १९७३ चा. त्यानंतर तिथे जायचं आणि हात हलवत परत यायचं. अशा लोकांना तुम्ही सांगणार, अहो हा चषक फार मानाचा नाही? त्यांना ते माहीतच आहे.

सामना पहिला तासभर ठीकठाकच होता, उगाच वाढवून सांगत नाही. ३८ व्या मिनिटाला एडन मगीडीने फ्री किकवर संडरलँडला पुढे नेलं. ८२ व्या मिनिटाला पोर्ट्समथच्या नेथन थॉम्पसनने हेडर मारून बरोबरी साधली. जादा वेळेत ११४ व्या मिनिटाला पोर्ट्समथचा जमाल लोवे एकटाच पुढे सुटला आणि त्याने धावत आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलला. अर्ध्या स्टेडियमला वाटलं, संपलं. पाचच मिनिटांनी पुन्हा मगीडी, २-२. मग पेनल्टी. संडरलँडची पहिलीच किक ली कॅटरमोलची, क्लबचा जुना जाणता खेळाडू, आणि पोर्ट्समथचा गोलरक्षक क्रेग मगिलिव्ह्रेने ती अडवली. पोर्ट्समथची एकही चुकली नाही. पाचवी ऑली हॉकिन्सने मारली, ५-४.

यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. पोर्ट्समथने उपांत्य फेरीत बरी नावाच्या क्लबला त्यांच्याच मैदानावर ३-० ने हरवलं होतं. बरी त्या मोसमात लीग टूमधून वरसुद्धा चढलं. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पैशांच्या गोंधळापायी लीगने त्यांना हाकलून दिलं. फेब्रुवारीत वेम्ब्लीपासून एक सामना दूर, आणि पावसाळा सरायच्या आत क्लबला लीगच नाही. इंग्लंडच्या खालच्या पायऱ्यांवर जगणं इतकं बेभरवशाचं असतं, म्हणून वेम्ब्लीचा एक दिवस मिळाला की अख्खं शहर उठून येतं.

ल्यूटनचं २००९ तर याहून भारी. जुन्या आर्थिक भानगडींपायी त्या मोसमाची सुरुवात त्यांनी उणे ३० गुणांनी केली होती, लीगमधून बाहेर जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. एप्रिलमध्ये त्यांनी फायनलला स्कंथॉर्पला जादा वेळेत ३-२ ने हरवलं, आणि त्याच महिन्यात ते लीगबाहेर गेले. म्हणजे पुढच्या वर्षी चषक राखायला मैदानात उतरायचीही सोय नाही!

आणि माणसं नसली तर हा चषक कसा दिसतो तेही पाहून झालं. करोनामुळे २०२० ची फायनल लांबली आणि १३ मार्च २०२१ ला रिकाम्या वेम्ब्लीवर झाली. सॅल्फर्डने पोर्ट्समथला पेनल्टीवर हरवलं. दुसऱ्याच दिवशी त्याच मैदानावर २०२१ ची फायनल, त्यात संडरलँडने ट्रॅनमियरला १-० ने हरवून १९७३ नंतरचा तो वेम्ब्लीचा दुष्काळ संपवला. बघायला एक चाहता नाही. संडरलँडकरांच्या नशिबाला काय म्हणावं.

कोल्हापूरकराला हे समजायला जड जाऊ नये. पाटाकडील आणि दिलबहार हे पेठांचे संघ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की तिथे कोणी भारतीय फुटबॉलचा दर्जा मोजायला जात नाही. पेठेची माणसं पेठेसाठी जातात. वेम्ब्लीवर तेच, फक्त पेठेच्या जागी शहर.

आता तुमच्या कामाचं. तिकिटं बहुतेक दोन्ही क्लबांमार्फत विकली जातात आणि स्टेडियम दोन बाजूंत वाटलेलं असतं. सहकाऱ्यामार्फतच काढा आणि त्याच्याच बाजूला बसा. दुसऱ्या संघाच्या रंगाचं जॅकेट घालून जाऊ नका, थंडी असली तरी. मैदान दिसतं त्या जागी बसून दारू प्यायला कायद्याने बंदी आहे, बिअर स्टँडमागच्या आतल्या भागातच संपवावी लागते. वेम्ब्ली पार्क स्टेशनला किमान दोन तास आधी उतरा. तिथून स्टेडियमपर्यंत जो सरळ रस्ता जातो, त्यावर आजोबा-मुलगा-नातू एकाच रंगात चाललेले दिसतात. निम्मी मजा तिथेच आहे.

प्रीमियर लीगचा सामना पुढच्या वर्षीही मिळेल, फक्त जास्त पैसे पडतील. आणि हो, सहकाऱ्याचा क्लब हरला तर परतीच्या गाडीत घर येईपर्यंत त्याच्याशी सामन्याबद्दल एक शब्द काढू नका.